डॉ. बर्टा गाइसमार : एका वाद्यवृंदाची कारभारीण

वर्धापनदिन जवळ आला की आपल्या मंडळात महिनाभर एकच चर्चा असते. गाणे कोण म्हणणार, नाट्यप्रवेश कोणता बसवायचा, पाहुण्या म्हणून कोणाला बोलवायचे. पण हॉल कोणी ठरविला, सतरंज्या कोणी आणविल्या, तबलजींना न्यायला-आणायला कोण गेले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांची बिले कोणी चुकती केली, हे कार्यक्रमानंतर कोणाच्या लक्षातही राहत नाही. हे काम नीट झाले तर दिसत नाही. बिघडले तर मात्र सगळ्यांना दिसते. अशा कामाला जिने आपले सारे आयुष्य वाहिले, आणि केवळ ज्यू घरात जन्मल्यामुळे जिला ते काम आणि आपला देश दोन्ही सोडावे लागले, त्या एका जर्मन विदुषीची हकीकत आज भगिनींपुढे ठेवीत आहे. त्यांचे नाव डॉ. बर्टा गाइसमार.

ज्यू लोक आपल्याला परके नाहीत. कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींना आपल्या वाडवडिलांनी शनिवार तेली म्हणून ओळखले. शनिवारी ती घाणा बंद ठेवीत, एवढाच काय तो फरक. त्यांची बोली मराठी, पोशाख मराठी, आणि त्यांच्या धर्मामुळे कोणी त्यांना गावाबाहेर घालविले नाही. त्यामुळे शेकडो वर्षे एका देशात नांदलेल्या घराण्याला एके दिवशी परके कसे ठरविता येते, हे आपल्याला चटकन समजत नाही. बर्टाबाईंच्या चरित्रात ते पायरीपायरीने दिसते.

बर्टाबाईंचा जन्म १४ सप्टेंबर १८९२ रोजी दक्षिण जर्मनीतल्या मानहाइम येथे झाला. ऱ्हाइन आणि नेकार ह्या दोन नद्यांच्या संगमावरचे हे शहर संगीतासाठी फार पूर्वीपासून नावाजलेले. अठराव्या शतकात तेथील दरबारचा वाद्यवृंद साऱ्या युरोपात वाखाणला जाई, आणि तो ऐकायला तरुण मोझार्ट १७७७-७८ च्या हिवाळ्यात तेथे येऊन राहिला होता. बर्टाबाईंचे वडील लिओपोल्ड गाइसमार हे गावातले नामांकित वकील. दिवसभर कोर्टकचेरी आणि संध्याकाळी व्हायोलिन, असा त्यांचा क्रम. इटलीतल्या स्ट्राडिव्हारी ह्या विख्यात कारागिराच्या हातचे एक व्हायोलिन त्यांच्या संग्रही होते. दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चार वाद्यांची बैठक घरीच जमे. मुलीच्या कानावर पाळण्यातल्या गाण्यांच्या जोडीने हे सूर पडत गेले.

मुलीला शिकवायचे, हेही त्या घरात ठरलेलेच होते. जर्मनीत स्त्रियांना विद्यापीठाची दारे प्रथम उघडली ती ह्याच बाडेन प्रांताने, १९०० साली. त्या सवलतीचा लाभ घेणाऱ्या सुरुवातीच्या मुलींत बर्टाबाई होत्या. हायडेलबर्ग येथे त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि पुढे डॉक्टरेट मिळविली. एवढे शिकून त्या कोठेतरी अध्यापिका झाल्या असत्या. पण गोष्ट वेगळीच घडायची होती.

१९१५ साली मानहाइमच्या ऑपेराला नवे प्रमुख संचालक मिळाले. विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर त्यांचे नाव, आणि वय अवघे २९. पाश्चात्य संगीतात वाद्यवृंदाचा संचालक स्वतः वाद्य वाजवीत नाही. हातातल्या छडीने तो शंभर वादकांना एका श्वासात बांधून ठेवतो. गाइसमारांच्या संगीतप्रेमी घरी ह्या तरुणाचे येणेजाणे सुरू झाले आणि स्नेह जडला. कलावंताला सूर कळतात, पण आलेल्या पत्राला उत्तर द्यायचे, तारखा एकमेकींवर येऊ द्यायच्या नाहीत, करार वाचून सही करायची, ह्या गोष्टी बहुधा सुचत नाहीत. त्या बर्टाबाईंना सुचत. आधी मैत्रीखातर थोडी पत्रे लिहून देणे, मग साऱ्याच पत्रव्यवहाराची जबाबदारी, असे करता करता त्या फुर्टव्हेंग्लर ह्यांच्या चिटणीस झाल्या.

१९२२ च्या जानेवारीत आर्थर निकिश हे थोर संचालक वारले, आणि लाइप्झिग व बर्लिन येथील दोन्ही वाद्यवृंदांची त्यांची जागा फुर्टव्हेंग्लर ह्यांच्याकडे आली. वय ३६. एका माणसाने दोन शहरे सांभाळायची, शिवाय व्हिएन्नाची बोलावणी. हा व्याप बर्टाबाईंनी पेलला. पुढे बर्लिनच त्यांची कर्मभूमी झाली.

बर्लिन फिलहार्मोनिक ह्या वाद्यवृंदाचा जन्मच मुळी गैरव्यवस्थेवरच्या रागातून झाला होता. बेंजामिन बिल्से नावाच्या एका संचालकाने आपल्या वादकांना वॉर्साच्या दौऱ्यासाठी रेल्वेच्या चौथ्या वर्गाने न्यायचे ठरविले. त्या अपमानाने चिडून १८८२ साली ५४ वादक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. वादकच त्या कंपनीचे भागीदार, नफा-तोटाही त्यांचाच. नाव जगभर झाले, पण पेटी बहुधा रिकामीच. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन मार्कची किंमत कागदाइतकीही उरली नाही, तेव्हा तर रोजचा खर्च निघणे कठीण झाले.

अशा संस्थेला तारून नेण्याचा एक मार्ग म्हणजे परदेशचे दौरे. १९२७ साली बर्लिन फिलहार्मोनिक फुर्टव्हेंग्लर ह्यांच्यासह इंग्लंडला गेले, आणि नंतर असे दौरे नेमाने होऊ लागले. त्यांच्या आखणीत बर्टाबाईंचा मोठा वाटा होता. जेमतेम नऊ वर्षांपूर्वी ज्या देशाशी रणांगणावर लढाई झाली, त्याच देशात शंभर जर्मन वादक घेऊन जायचे होते. प्रत्येकाचा पासपोर्ट, प्रत्येकाचा व्हिसा, रेल्वेचे डबे, बोटीवरची जागा, हॉटेलातल्या खोल्या. माणसाएवढ्या उंचीच्या डबलबेसच्या पेट्या आणि तांब्याचे मोठाले नगारे ह्यांची जकातनाक्यावर नोंद. रोज नवे गाव, नवा हॉल, नवा हिशेब. त्यात कोणाला ताप येणार, कोणाची तार तुटणार. तालमीची वेळ झाली की प्रत्येक खुर्ची जागच्या जागी हवी आणि प्रत्येक वादक खुर्चीवर हवा. रसिकांना दिसे ती फुर्टव्हेंग्लर ह्यांची छडी. छडी उचलण्यापूर्वी काय काय झालेले असे, ते त्यांना दिसत नसे. बर्टाबाईंनी ह्याच काळात लंडन, पॅरिस अशा शहरांतल्या संगीतव्यवस्थापकांशी ओळखी जोडल्या. त्या ओळखी पुढे आपल्याला कशा उपयोगी पडणार आहेत, ह्याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. ७ एप्रिलला नवा कायदा निघाला आणि ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्यास सुरुवात झाली. नाटकगृहे, ऑपेरा, संगीतशाळा ह्यांतून नामवंत माणसे एका सहीने घरी बसली. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये पहिल्या व्हायोलिनच्या मानाच्या जागी बसणारा शिमोन गोल्डबर्ग हा तरुण ज्यू होता, आणखीही काही वादक ज्यू होते, आणि कारभार पाहणाऱ्या बर्टाबाईही.

फुर्टव्हेंग्लर गप्प बसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्यांनी प्रचारमंत्री गोबेल्स ह्यांना पत्र लिहिले आणि ते एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात छापूनही आले. कलेत भेद करायचा तो चांगल्या आणि वाईट कलेत, ज्यू आणि ज्यूेतर असा नाही, हा त्याचा आशय. त्याच महिन्यात मानहाइमला बर्लिनच्या आणि तेथल्या वादकांचा संयुक्त कार्यक्रम होता. पहिल्या जागेवर ज्यू वादक नको, असा हट्ट तेथल्या मंडळींनी धरला. फुर्टव्हेंग्लर ह्यांनी तो साफ नाकारला, कार्यक्रम ठरल्याप्रमाणे केला, आणि नंतरच्या मेजवानीला ते गेले नाहीत. बर्टाबाईंना मात्र त्या दिवशी एक गोष्ट कळून चुकली असेल. हे सारे त्यांच्या जन्मगावी घडले होते. ज्या गावातल्या संगीतासाठी त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर खपावे, त्या गावाला त्यांच्या जातीचा वादक डोळ्यांसमोर नको होता.

तरीही पुढची दीडेक वर्षे बर्टाबाई आपल्या जागेवर टिकल्या, कारण फुर्टव्हेंग्लर त्यांना सोडायला तयार नव्हते. आणि येथेच ह्या चरित्रातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. बर्टाबाईंचे स्थान आता त्यांच्या कर्तबगारीवर उभे नव्हते, एका मोठ्या माणसाच्या शब्दावर उभे होते. काल जो हक्क होता, तो आज मेहेरबानी झाला. हक्काला कोणी विचारावे लागत नाही; मेहेरबानी रोज नव्याने मागावी लागते, आणि देणाऱ्याचा हात आखडला की ती संपते. एका गाइसमारला, एका गोल्डबर्गला सवलत मिळाली, तेव्हा ज्यांच्यामागे कोणी फुर्टव्हेंग्लर नव्हता अशा हजारोंचे काय, हा प्रश्न त्या सवलतीच्या आड झाकला गेला.

दुसरीकडे वाद्यवृंदाचा फासही आवळत होता. कर्जाला कंटाळलेल्या वादकांच्या मदतीला सरकार धावले. भागीदारांचे भाग सरकारने घेतले, नियमित पगार सुरू झाला, आणि ५४ बंडखोरांनी उभा केलेला वाद्यवृंद गोबेल्सच्या खात्याखाली गेला. पगाराच्या पाठोपाठ हुकूमही आले. १९३४ साली गोल्डबर्ग गेला आणि इतर ज्यू वादकही एकेक करून बाहेर पडले.

शेवटची ठिणगी पडली ती पाउल हिंडेमिट ह्या संगीतकारावरून. राज्यकर्त्यांची त्याच्यावर खप्पा मर्जी होती. फुर्टव्हेंग्लर ह्यांनी १२ मार्च १९३४ रोजी त्याची नवी सिंफनी सादर केली, आणि पुढे त्याच्या ऑपेरावर बंदी येताच २५ नोव्हेंबरला त्याच्या बाजूने वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यावर गहजब झाला. ४ डिसेंबर १९३४ रोजी फुर्टव्हेंग्लर ह्यांनी आपल्या साऱ्या पदांचे राजीनामे दिले. छत्र गेले, तशी बर्टाबाईंची जागाही गेली. तेरा वर्षांचे काम थांबले. त्यांचा पासपोर्टही काढून घेण्यात आला. ज्या बाईने शंभर माणसांचे पासपोर्ट वर्षानुवर्षे सांभाळले, तिच्याजवळ स्वतःचा उरला नाही.

फुर्टव्हेंग्लर ह्यांनी १९३५ च्या फेब्रुवारीअखेर गोबेल्सशी समझोता केला, आणि एप्रिलमध्ये ते पुन्हा बर्लिन फिलहार्मोनिकपुढे उभे राहिले. सभागृह टाळ्यांनी दणाणले. बर्टाबाई मात्र परतल्या नाहीत. त्यांना परतण्याची मुभाच नव्हती. मित्र राहिला आणि त्यांना जावे लागले. सप्टेंबर १९३५ मध्ये न्युरेंबर्गच्या कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्कच काढून घेतले. अखेर कागदपत्रे हाती आली, तेव्हा त्यांनी देश सोडला.

अशा निर्वासितांचे लोंढे त्या वर्षांत जगभर पसरले. एक धागा आपल्या मुंबईपर्यंतही आला. वॉल्टर काउफमान हा कार्ल्सबादचा ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईला आला, पुढे मुंबई रेडिओवर पाश्चात्य संगीताचा विभाग त्याने कित्येक वर्षे पाहिला, आणि आकाशवाणीची जी धून ऐकत आपली कितीतरी घरे सकाळी जागी झाली, ती त्याच्याच नावावर सांगितली जाते. निर्वासित माणूस नुसते दुःख घेऊन येत नाही. तो आपली विद्याही घेऊन येतो.

बर्टाबाईंची विद्या लंडनमध्ये कामी आली. सर टॉमस बीचम हे इंग्लंडचे नामांकित संचालक. बीचमच्या गोळ्यांचा कारखाना त्यांच्या घराण्याचा. त्यांनी १९३२ साली लंडन फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद स्थापन केला होता आणि कोव्हेंट गार्डन ह्या ऑपेरागृहाची सूत्रेही त्यांच्याकडे होती. बर्लिनच्या दौऱ्यांमुळे बर्टाबाईंचे काम त्यांना ठाऊक होते. १९३६ साली त्यांनी बर्टाबाईंना आपल्या चिटणीस म्हणून नेमले. वय ४४, भाषा परकी, घर परके. पण टेबलावरची कामे तीच. तारखा, करार, गाड्या, खोल्या.

आणि लगेचच एक विलक्षण योग आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लंडन फिलहार्मोनिकचा दौरा ठरला तो जर्मनीत. बीचम ह्यांनी आपली चिटणीस आपल्याबरोबर असेल, असे ठणकावून सांगितले. इंग्रज पाहुण्यांना दुखवायचे नव्हते, म्हणून जर्मन अधिकाऱ्यांनी ते मान्य केले. ज्या देशाने हाकलून दिले, त्याच देशात बर्टाबाई मानाच्या पाहुण्यांच्या व्यवस्थापक म्हणून परतल्या. कालपर्यंत तोंड फिरविणाऱ्या कचेऱ्यांना आता त्यांच्याशी अदबीने बोलावे लागले. १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या कार्यक्रमाला स्वतः हिटलर हजर होता.

ही गोष्ट विजयाची म्हणून सांगायचा मोह होतो. पण ती तशी नाही. मेंडेलसोन हा संगीतकार जन्माने ज्यू, म्हणून त्याची सिंफनी कार्यक्रमातून वगळावी अशी सूचना जर्मनीतून आली, आणि ती वगळली गेली. चिटणीस चालली, संगीतकार चालला नाही. एवढ्यापुरतीच सवलत, तीही दौरा संपेपर्यंत. दौऱ्यातला एक मुक्काम लुड्विग्सहाफेन येथे होता. १९ नोव्हेंबरच्या तेथल्या कार्यक्रमाचे चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण झाले. पुऱ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम अशा फितीवर घेण्याची ती पहिलीच वेळ. लुड्विग्सहाफेन ऱ्हाइनच्या एका काठावर, आणि समोरच्या काठावर मानहाइम. मधे फक्त एक पूल.

१९३७ आणि १९३८ साली फुर्टव्हेंग्लर कोव्हेंट गार्डनला वाग्नरचे ऑपेरा सादर करायला आले. जुने स्नेही पुन्हा एका छपराखाली काम करू लागले, पण आता एक जण जर्मनीचा प्रतिनिधी आणि दुसरी जर्मनीने टाकलेली. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले आणि तोही दुवा तुटला.

बीचम १९४० मध्ये परदेशी गेले. बर्टाबाई लंडनमध्येच राहिल्या. लंडन फिलहार्मोनिकची कंपनी बुडाली होती, तेव्हा वादकांनीच समिती नेमून कारभार हाती घेतला. बर्टाबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. बर्लिनच्या वादकांनी १८८२ साली जे केले, तेच आता त्या लंडनमध्ये, बॉम्बच्या वर्षावात पाहत होत्या. गाजलेले हॉल बंद पडले, तर वादक करमणुकीच्या साध्या थिएटरांतून वाजवीत गावोगाव फिरले. १० मे १९४१ च्या रात्री क्वीन्स हॉल जळून खाक झाला आणि त्यात वादकांची पुष्कळ वाद्ये गेली. रेडिओवरून आवाहन होताच लोकांनी आपल्या घरातली व्हायोलिने, बासऱ्या, कर्णे आणून दिले. बर्लिनचा फिलहार्मोनी हॉलही ३० जानेवारी १९४४ रोजी बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. हिटलर सत्तेवर आला, त्याला त्या दिवशी बरोबर अकरा वर्षे झाली होती.

मानहाइमला मागे राहिलेल्या ज्यूंचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. २२ ऑक्टोबर १९४० रोजी बाडेन आणि शेजारच्या प्रांतांतले ६,५०० हून अधिक ज्यू घरांतून उचलून आगगाड्यांत कोंबले गेले आणि दक्षिण फ्रान्समधल्या ग्युर्सच्या छावणीत धाडले गेले. त्यांतले सुमारे २,००० मानहाइमचे. पुष्कळ जण तेथे थंडीने व आजाराने गेले; बाकीच्यांतल्या पुष्कळांना १९४२ पासून आउश्विट्झकडे नेण्यात आले. बर्टाबाई वेळीच बाहेर पडल्या नसत्या, तर त्या यादीत आणखी एक नाव वाढले असते.

१९४४ साली बर्टाबाईंच्या आठवणींचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. संचालकाची छडी आणि शिपायाचा बूट ह्यांची जोडी त्याच्या नावातच आहे. पुढे ते जर्मन भाषेतही निघाले. युद्ध चालू होते, फुर्टव्हेंग्लर ह्यांच्याविषयी जगात राग होता, आणि बर्टाबाईंना राग धरायला पुरेसे कारण होते. तरी त्यांनी मोजूनमापून लिहिले. त्या माणसाने केलेला विरोधही लिहिला आणि त्याचे डळमळणेही. हिशेब चोख ठेवण्याची सवय येथेही सुटली नाही.

३ नोव्हेंबर १९४९ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, बर्टाबाई लंडनमध्ये वारल्या. युद्धानंतर फुर्टव्हेंग्लर ह्यांची चौकशी होऊन ते निर्दोष सुटले होते, आणि १९४८ साली बर्लिन फिलहार्मोनिक त्यांच्यासह पुन्हा लंडनला येऊन गेले होते. १९२७ साली त्या वाटेवरून वादकांना नेण्यासाठी बर्टाबाई खपल्या होत्या. वाट तीच राहिली. त्यांची जागा मात्र त्यांना परत मिळाली नाही.

भगिनींनो, हे सारे दूर देशीचे आणि जुने आहे. पण त्यातला एक बोध घरचा आहे. आपल्या चाळीत, आळीत, मंडळात दुसऱ्या जातीची, दुसऱ्या धर्माची एखादी भगिनी असते. तिचे कौतुक करताना आपण सहज म्हणून जातो की तुम्ही काही त्यांच्यासारख्या नाही, तुम्ही आमच्यातल्याच. बोलणारीच्या मनात माया असते. ऐकणारीला मात्र कळते की आपण येथे सवलतीवर आहोत. बर्टाबाईंना तेरा वर्षांच्या कामानंतर हे कळले, आणि तोवर फार उशीर झाला होता. मंडळाच्या सतरंजीवर जी बसते, तिने ती जागा कोणाच्या शब्दावर मिळविलेली नाही, ती तिचीच आहे. एवढे आपण सांभाळले, तरी पुष्कळ झाले.